पितळी तांब्यातली वाईन

उंद्रीच्या फाट्यावर खामगावची एस.टी. आली. ट्रंक टपावर चढली, वळकटी चढली, बेसनाचा आणि मसाल्याचा डबा चढला. पितळी तांब्या तेवढा खाली राहिला. आईनं तो मुद्दाम मागं ठेवला होता. मी खिडकीत बसल्यावर तिनं तो खालून वर धरला आणि म्हणाली, "हात ठेव याच्यावर."

मी ठेवला.

"म्हण, दारू तोंडाले लावणार नाही."

नवी नायलॉनची साडी नेसलेली, मॅट्रिक पास, परदेशी निघालेली मी, भरल्या गाडीसमोर मोठ्यानं शपथ घेत होते. कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा होता. तो म्हणाला, "झालं का बाई? की मी बी घेऊ एक?" गाडी हसली. आई हसली नाही. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली आणि तिनं शेवटचं सांगितलं ते असं: "आंबट ठेवू नको वं त्याच्यात. कल्हई गेली तं कळकीन."

मुलगी एवढ्या लांब चालली होती आणि आईला तांब्याच्या आतल्या कथलाच्या कल्हईची काळजी होती, याचा मला तेव्हा राग आला. खामगावहून शेगावला जाऊन आम्ही दोघांनी महाराजांचं दर्शन घेतलं, गाडी धरली, मुंबईला बोटीत बसलो, तरी तो राग गेला नव्हता. पुढं काय होणार आहे हे त्या मॅट्रिकवालीला कळत असतं, तर तिनं ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं असतं. पण तिला सगळंच कळत होतं. कळणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आमचे हे देऊळगाव राजाचे. यंत्रांचं शिक्षण घेऊन जर्मनीतल्या एका कारखान्यात लागले होते आणि मला न्यायला आले होते. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. "जाऊ द्या तिले," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दिवाळीच्या आत रडत येते का नाही पाहा, तांब्या घेऊन." मी मनात म्हटलं, मेले तरी येणार नाही. त्या वयात माणूस मरणाच्या गोष्टी फार सहज बोलतो. परदेश म्हणजे काय, याची माझी कल्पना एवढीच होती की अमरावतीपेक्षा मोठं काहीतरी असणार.

कारखान्याजवळच्या ज्या गावी आम्ही उतरलो, ते मोझेल नावाच्या नदीकाठी होतं. नदीच्या दोन्ही बाजूंना उभ्या टेकड्या, आणि त्या टेकड्यांवर खालपासून वरपर्यंत द्राक्षांचे वेल. द्राक्षं मी आतापर्यंत आजारी माणसाला न्यायची म्हणून पाव किलोच्या पुडीत पाहिली होती. मी यांना विचारलं, "एवढे आजारी हायत तरी कुठं?" हे इतके हसले की रस्त्यावरची बाई थांबून बघायला लागली.

ज्यांच्या घरात आमची खोली होती, ते माथियास आजोबा आणि त्यांची बायको लेनीबाई. टेकडीवरचे काही वेल त्यांचे. घराखाली तळघर, त्याला ते केलर म्हणतात, आणि त्या केलरात लाकडी पिंपांची ओळ. पिंपांत काय आहे हे कळलं तेव्हा मी ट्रंक उघडायची थांबले. "दारूवाल्याच्या घरात राहायचं?" हे म्हणाले, "दारूवाले नाहीत वं ते. शेतकरी हायत. द्राक्षाचा रस काढतेत अन् मुरवतेत." मुरवतात म्हणजे लोणच्यासारखं काहीतरी, अशी मी मनाची समजूत घातली. तरी केलरच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावायचे. रोज. येताना आणि जाताना. लेनीबाईला बरेच दिवस वाटत होतं की मला कायमचं पडसं आहे.

मला त्यांची भाषा येत नव्हती. जे बोलणं व्हायचं ते यांच्या तोंडून, आणि हे घरात वऱ्हाडी सोडून दुसरं काही बोलत नसत. त्यामुळं आजही मला आठवते ती लेनीबाई वऱ्हाडीच बोलते. जर्मन बाई, निळे डोळे, केसांचा अंबाडा, आणि म्हणते, "तुह्या नवऱ्याले सांग, बूट पुसून येत जाय." नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, आजी, असं नसतं. तुमच्या आठवणीत नसेल. माझ्या आहे.

गोष्ट बिघडली ती मिरचीवरून. आमच्या खोलीत एक छोटी शेगडी होती. तिच्यावर मी आईच्या हातच्या मसाल्याची फोडणी दिली की जिन्यात लेनीबाई खोकायला लागायची. मग वरची खिडकी उघडल्याचा आवाज. मग खालची. मला वाटायचं, बाई हवेशीर राहणारी आहे. एक दिवस ती आमच्या दारात येऊन यांच्याशी बराच वेळ बोलली. ती गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणून राह्यली होती?"

"म्हणते, पोरगी चांगली हाय. पण तिची मिरची माह्या पडद्यात बसून राह्यली, धुतली तरी उठत नाही."

"मंग?"

"मंग द्राक्षं तोडायले माणसं येतेत, त्याईले ही खोली लागीन. तवर दुसरीकडं पाहा म्हणते."

दुसरीकडं म्हणजे कुठं, हे आम्ही दोघांनी शोधलं. परक्या देशाच्या, परक्या रंगाच्या जोडप्याला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. कारखान्याचं वसतिगृह होतं, पण तिथं फक्त पुरुष. म्हणजे हे तिथं आणि मी बोटीनं परत. द्राक्षं तोडून व्हायची वेळ आणि आपली दिवाळी, दोन्ही मागंपुढंच येतात. देऊळगावच्या ओट्यावर बसून सासूबाई माझी वाट पाहताहेत आणि मी तांब्या घेऊन येते आहे, हे चित्र मला दिवसा दिसायला लागलं.

उंद्रीत कुणाशी बिनसलं तर त्याला जेवायला बोलावतात. मला दुसरं काही येतही नव्हतं. मी यांना म्हटलं, "रविवारी दुपारी दोघाईले जेवायले बलवा."

"अवं, ज्या मिरचीनं खोली चालली, तीच वाढतं का?"

"दुरून ठसका लागते. ताटात आली की कोणी सोडत नाही," मी म्हटलं. बोलायला मी पक्की होते.

बेत ठरला. पातोडीचा रस्सा, म्हणजे बेसन घोटून थापायचं, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. डब्याच्या तळाशी उरलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी. ठेचा. शेवटी रव्याचा शिरा. स्वयंपाकाची मला चिंता नव्हती. घरी कुळधर्माला नैवेद्याचा स्वयंपाक माझ्याकडं असायचा, आणि नैवेद्याचं काही चाखायचं नसतं. मीठ बरोबर आहे की नाही, हे वाफेवर नाक धरून ओळखायचं. आईनं मला ते लहानपणीच शिकवलं होतं. चुकलं तर ती रागावायची नाही, नुसती म्हणायची, "नाक कुठं ठेवून आली?" त्या नाकाचा मला फार अभिमान होता. पुढं जे झालं ते त्या नाकाला पदर लावल्यामुळं झालं, हे ध्यानात ठेवा.

रविवारी सकाळी माथियास आजोबांनी जिन्यावरून एक बाटली पाठवली. त्यांच्या गेल्या हंगामाच्या मोठ्या पिंपातली पांढरी वाईन. जेवायला बोलावलं तर पाहुण्यानं वाईन द्यायची, अशी तिथली रीत. हे म्हणाले, जेवणाबरोबर ठेव, आणि पाव आणायला गेले.

बाटली मी ताटांजवळ ठेवून पाहिली. बरं दिसेना. बाटली मी पाहिली होती ती बाजाराच्या दिवशी गुत्त्यासमोर पडलेल्या माणसांच्या हातात. पाहुण्यांच्या ताटापुढं ती कशी ठेवायची? आपल्याकडं पाहुण्याचा मान म्हणजे घासून लख्ख केलेला तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र. तांब्या माझ्याकडं होता. त्याच आठवड्यात मी तो नदीच्या रेतीनं असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. बाहेरून घासला, आणि अंगात जोर होता म्हणून आतूनही घासला. नाकाला पदर लावून, तोंड फिरवून, शपथ मोडू नये म्हणून श्वाससुद्धा रोखून, मी ती सगळी बाटली तांब्यात ओतली. फुलपात्र झाकलं. आणि दुपारपर्यंत खिडकीत गार व्हायला ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, आईनं एवढं सांगितलं होतं ना. सांगितलं होतं. पण तिनं आंबटाचं सांगितलं होतं. ताक नाही, चिंच नाही, लिंबू नाही. दारू आंबट असते हे मला कुणी सांगितलं होतं? मी ती कडू समजत होते. वास घेतला असता तर एका क्षणात कळलं असतं. पण मी फार शीलवान होते.

दुपारी दोघं आले. माथियास आजोबांनी कोट घातला होता, लेनीबाईनं गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ. तांब्या पाहून दोघांनी कौतुक केलं. मी उभी राहून वाढत होते. आजोबांनी वाईन पेल्यात ओतली, नाकाशी नेली आणि थांबले. मग एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं. शिष्टाचाराचा माणूस, थुंकायचं कसं? त्यांनी घाईनं पातोडीचा मोठा तुकडा तोंडात टाकला. आता तोंडात जाळ. जाळ विझवायला पुन्हा पेला. डोळ्यांत पाणी. लेनीबाईनं आपला पेला ओठाला लावून खाली ठेवला, आणि नवऱ्याकडं बघत हळूच काहीतरी म्हणाली. आजोबा उठले आणि जिना उतरून गेले. लेनीबाई त्यांच्या मागं.

शिरा शेगडीवर होता. मी पळी हातात घेऊन उभी. "गेली खोली," मी म्हटलं. "मिरची जास्त झाली."

"मिरचीचं नाही," हे म्हणाले. त्यांचा रंग उडाला होता. "ती म्हणाली, माथियास, पिंप गेलं."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याईची वर्षाची सगळी वाईन नासली असं त्याईले वाटून राह्यलं."

वर्षभर त्या उभ्या टेकडीवर पाठीला टोपली बांधून चढणारा म्हातारा मी रोज पाहत होते. आमच्या उंद्रीत खळ्यावर रचलेल्या कडब्याला आग लागल्यावर माणसं जशी उठतात, तसाच तो उठला होता. एवढ्यात यांनी आपला पेला तोंडाला लावला, आणि लगेच परत पेल्यात थुंकले.

"अवं! हे तं कळकलं!"

कळकलं. आंबटात पितळ उतरलं होतं. वाईन नाही, पिंप नाही. माझा तांब्या. मी आत डोकावून पाहिलं. कल्हईचा पांढरा थर कुठंच नव्हता, सगळं पिवळंजर्द नागडं पितळ, आणि वाईनच्या कडेला हिरवट झाक. उंद्रीच्या फाट्यावरची आई इतक्या लांबून माझ्या कानात बोलली.

तांब्या घेऊन मी जिना उतरले. ज्या दारावरून रोज नाक झाकून जात होते, त्या दारातून पदर खांद्यावर टाकून आत शिरले. आत गार, अंधारं, ओलं. आजोबा पिंपावर वाकून काचेच्या नळीनं वाईन काढत होते आणि पेला उजेडाकडं धरून पाहत होते. मला भाषा येत नव्हती. कल्हईला जर्मनमध्ये काय म्हणतात, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी तांब्यातलं सगळं जमिनीवर ओतलं. रिकामा तांब्या दिव्याखाली धरला. आतून बोट फिरवलं, ते बोट माझ्या जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मग तांब्याकडं बोट, माझ्याकडं बोट, आणि कपाळावर हात.

आजोबांनी तांब्या घेतला. आत नाक घातलं. वास घेतला. पेल्यातली ताजी वाईन प्यायले. मग पिंपाला टेकून तिथंच खाली बसले आणि हसायला लागले. लेनीबाईनं आधी डोळे पुसले, मग मला एक धपाटा घातला, पाठीत, अगदी आईसारखा. त्या धपाट्याला भाषांतर लागलं नाही.

एवढ्यात हे मागून आले. आजोबा हसत हसत त्यांना काहीतरी म्हणाले. "काय म्हणून राह्यले?" मी विचारलं.

"म्हणतेत, पिंप वाचलं, पण माहं तोंड अजून जळून राह्यलं."

आजोबा कोपऱ्यात गेले आणि दुसरीच एक बाटली घेऊन आले. उशिरा तोडलेल्या, वेलावरच गोड झालेल्या द्राक्षांची. तोंड विझवायला म्हणून त्यांनी ती उघडली, एक घोट घेतला. पुन्हा घेतला. मग बाटली काखेत मारून जिना चढून वर गेले, आपल्या जागी बसले आणि पातोडीचा रस्सा स्वतःच वाढून घेतला. एक घास, एक घोट. एक घास, एक घोट. कपाळावर घाम, चेहऱ्यावर समाधान. "ही माझ्या तळघरात पडून होती," ते म्हणाले, "आणि मला माहीत नव्हतं कशासाठी." हे वाक्य यांनी वऱ्हाडीत न आणता नीट पुस्तकी मराठीत सांगितलं, म्हणून ते तसंच लक्षात राहिलं.

लेनीबाईनं शिऱ्याची वाटी चाटूनपुसून रिकामी केली. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "खोली राहू दे. पण मिरची भाजायची तं अंगणात भाजजो."

त्या दिवाळीला मी अंगणात मिरची भाजली.

त्या जेवणाच्या रविवारी जाताना आजोबा तांब्या घेऊन गेले होते. मला वाटलं, पुन्हा काही घोटाळा नको म्हणून नेला. पुढच्या रविवारी तो परत आला. नदीपलीकडं तांब्यापितळेची भांडी बनवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून आतून कल्हई करून आणला होता. आत चंद्रासारखा पांढरा. आणि काठोकाठ भरलेला, त्याच गोड वाईननं. आपल्याकडंही भांडं रिकामं परत देत नाहीत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ज्या तांब्यावर हात ठेवून मी दारू न पिण्याची शपथ घेतली, तोच दारूनं भरून माझ्या हातात आला होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला. प्यायले नाही. पण नाकाला पदरही लावला नाही.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. आजोबा दोन-तीन बाटल्या उघडायचे, मी काही रांधायचे. मी चाखायची नाही हे त्यांना कळलं होतं, म्हणून पेला माझ्या नाकाशी धरायचे आणि भुवई उंच करायचे. नैवेद्याचं नाक कामी आलं. लिंबू पिळलेल्या वरणभाताला ती कोरडी, आंबूस पांढरी, जी मी पितळेत बुडवली होती. भज्यांना बुडबुड्यांची. आजोबांच्या भावानं एकदा दुसऱ्या गावची तांबडी आणली, तुरट. ती ठेच्याबरोबर देऊ नका, असं मी हातवारे करून सांगत होते. कुणी ऐकलं नाही. ठेच्यावर तांबडी म्हणजे चुलीत रॉकेल. भाऊ अंगणात जाऊन नळाला तोंड लावून बसला. शिऱ्याला मात्र शिऱ्याहून गोड वाईन लागते, नाहीतर ती त्याच्यापुढं आंबट तोंड करून बसते.

थोरली चालायला लागली तेव्हा तिला घेऊन मी पहिल्यांदा उंद्रीला आले. आई चुलीपाशी होती. माणसं भेटून पांगली, तसं तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "कसं लागते वं ते?"

"काय?"

"तेच. त्याईच्या घरातलं."

"मले काय मालूम? तू शपथ घातली नाही काय?"

आईनं फुंकणी खाली ठेवली. "तू पाळली?"

"मंग?"

"माय वं! येडी पोट्टी. मले वाटलं, बोटीवरच मोडशीन." ती इतकी हसली की धूर तिच्या नाकातोंडात गेला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "जाय, सोडली शपथ. पातोडीसंग पिऊन पाह्य अन् मले सांगजो, कसं लागते ते."

परत गेल्यावर मी प्यायले. आजोबांनी पेला भरला, लेनीबाई समोर बसली होती, ताटात पातोडी होती. पण सांगायचं कसं? आईला लिहिलेली पत्रं पोस्टमन तिला वाचून दाखवायचा. असली गोष्ट त्याच्या तोंडून तिनं ऐकावी का? म्हटलं, पुढच्या फेरीला सांगू, चुलीपाशी बसून. पुढच्या फेरीला चूल होती, आई नव्हती.

आता माथियास आजोबा नाहीत, लेनीबाई नाहीत, आमचे हेही नाहीत. आजोबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर माझं घर आहे आणि खिडकीत तांब्या आहे. तुम्ही उंद्रीतले विचारता, आता घर कुठलं म्हणायचं. माझ्यासारखे उठून गेलेले तुम्ही तर विचारतसुद्धा नाही, स्वतःशीच घोकता. मला एवढंच कळलं आहे की काही चांगलं जिभेवर आलं की तोंड आपोआप ज्या दिशेला वळतं, ते घर. माझं अजून त्या चुलीकडं वळतं. आज रविवार, पातोडी केली आहे, पेला भरला आहे. तेव्हा आई, ऐक.

पाडाला आलेल्या आंब्याची फोड, तिला गूळ लावलेला, आणि मागून विहिरीच्या ओल्या दगडाचा वास. पातोडीचा जाळ ते विझवत नाही, मांडीवर घेऊन थोपटते. पण गोडाच्या खाली, अगदी शेवटी, आंबटच हाय वं माय. पितळेत ठेवू नये असंच.